एक ओळ राहून जाते तेव्हा

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणारा माझा भाचा सुट्टीत क्यूटीवर, म्हणजे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायच्या तयार कोडच्या संचावर, पहिला प्रोग्राम लिहायला बसला. एका मार्गदर्शिकेतला कोड त्याने जसाच्या तसा उतरवला, तरी लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं साधन, म्हणे, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल’, म्हणजे लागणारा एक तुकडा सापडत नाही. दोन संध्याकाळी गेल्या. "मामा, सगळं बघून लिहिलंय, तरी अडतंय." कोड बरोबरच होता. क्लासमध्ये क्यू-ऑब्जेक्ट मॅक्रो (क्यूटीची एक खूण) असला की क्यूटीचं मॉक नावाचं साधन आधी त्या क्लासची हेडर फाइल वाचून जास्तीचा सी प्लस प्लस कोड तयार करतं. त्यासाठी सीमेक या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये ऑटोमॉक, म्हणजे मॉक आपोआप चालवणं, चालू करणारी ओळ लागते. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याच्या हाताला ती इतकी वळणी पडली होती की सांगायचीच राहिली.

हा दोष जुना आहे. क्यूटीचं काम नॉर्वेत १९९१ मध्ये सुरू झालं, पहिली जाहीर आवृत्ती मे १९९५ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिच्या आधाराने केडीई हा लिनक्ससारख्या प्रणालींवरचा डेस्कटॉप उभा राहू लागला. १९९७ मध्ये डॉक्सिजन हे साधन आलं. कोडमधल्या टिपांतून ते फंक्शनांची आख्खी सूची काढून देतं. सोय मोठीच, पण माझ्या मते तिथूनच गफलत सुरू झाली: सूची तयार म्हणजे डॉक्युमेंटेशन तयार, असा समज रुजला. कोणतं फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं, हे त्यात सापडतं. रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात कशी करायची, ते माणसानेच बसून लिहावं लागतं.

केडीईने ते लिखाण बरीच वर्षं टेकबेस या विकीवर, म्हणजे कुणालाही बदलता येणाऱ्या पानांवर, ठेवलं. विकीवरचा कोड कुणी कंपाइल करून पाहत नाही. लायब्ररी पुढे जाते, पान मागे राहतं. २०१४ मध्ये केडीईच्या एकसंध लायब्ररीचे पन्नासहून अधिक सुटे भाग झाले, तेव्हा प्रत्येकाची ओळख नव्याने करून द्यायची वेळ आली. पुढे मार्गदर्शिका गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, आल्या, म्हणजे कोडसारखीच त्यांचीही तपासणी होऊ लागली. दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली अशा लिखाणाची विभागणीही याच काळात रुळली: धडा, कृती, संदर्भ आणि विवेचन. नवशिक्याला धडा हवा असतो आणि त्याच्या हाती संदर्भ पडतो, हे दुखणं त्या मांडणीने नेमकं दाखवलं.

वडोदऱ्याला हे नवं वाटू नये. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था दिली, तेव्हा तांत्रिक शिक्षण शिकणाऱ्याच्या भाषेत देण्यावर भर होता. समजावून सांगणं हे वेगळं काम आहे आणि त्याला माणसं व पैसा लागतो, हे तिथे धरूनच चाललं होतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते अजून उरलेल्या वेळेत उरकलं जातं.

भाच्याने ती राहिलेली ओळ मार्गदर्शिकेसाठी दुरुस्ती म्हणून पाठवली आहे. पाठवण्याआधी त्याने जुनं फोल्डर पुसलं आणि सगळा धडा पहिल्यापासून पुन्हा टाइप करून चालवून पाहिला.