क्वचित लागणारी हत्यारं: ठेवायची की काढायची?

धार लावायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पेटीत दोन-चार हत्यारं अशी असतात, ज्यांना हात लागून वर्षं झालेली असतात. "ह्यांचं काय करू?" हा प्रश्न ठरलेला. मुंबईत गाळ्याचं भाडं चौरस फुटावर मोजलं जातं, तेव्हा तो रास्तच आहे. उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

हत्यार किती वेळा लागतं हे आम्ही बघत नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ते दुसरीकडून किती वेळात मिळेल, हे बघतो. मेट्रिक १० मिमीचा साधा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, नागदेवीच्या बाजारात दुकानोदुकानी मिळतो. सकाळी माणूस पाठवला तर जेवणापर्यंत परत येईल. अशा मापांचे तीन-तीन संच साठवू नका, एक चांगला पुरे.

याच्या अगदी उलट उदाहरण १२७ दात्यांच्या गिअरचं. लीड स्क्रू म्हणजे आटे पाडताना लेथचं हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू. तो इंची मापाचा असलेल्या जुन्या लेथवर मेट्रिक आटे बिनचूक पाडायचे तर हा गिअर हवाच. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि त्याची पाचपट १२७. इंचाला ४ आटे असलेल्या लीड स्क्रूवर २ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) हवा असेल तर ४० दाती गिअर चालवणारा आणि १२७ दाती चालणारा, की हिशोब तंतोतंत जुळतो. एका ग्राहकाने लेथ विकत घेतल्यावर "हा कुठे लागतो" म्हणून तो मोठा गिअर वजनावर देऊन टाकला. पुढे मेट्रिक आट्यांचं काम आलं, तेव्हा नवा करून घ्यायला बरेच दिवस गेले. कारण १२७ ही मूळ संख्या आहे. दाते सारख्या अंतरावर पाडायला डिव्हायडिंग हेड वापरतात, त्याच्या नेहमीच्या भोकांच्या प्लेटवर ती बसत नाही. त्यासाठी जादा गिअर लावून डिफरन्शिअल इंडेक्सिंगची जोडणी करावी लागते. ती जोडणीही कुणीतरी, कधीतरी लागेल म्हणून जपून ठेवलेली होती, म्हणूनच त्यांचं काम झालं. तो गिअर भंगारात गेल्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

याच न्यायाने डॉग चक, फेस प्लेट आणि स्टेडी ही लेथवर काम धरायची साधनं लेथसोबतच राहू द्या. लेथ विकलात तर तीही त्याच्याबरोबर द्या.

व्हिटवर्थ या जुन्या विलायती आट्याचे टॅप-डाय (डाय बोल्टवर आटे पाडतो) काढण्याआधी दुरुस्तीला कोणती मशीन येतात ते आठवा. १८४१ साली ठरलेला हा आटा ५५ अंशांचा, मेट्रिक ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थला इंचाला १२ आटे, तर त्याच मापाच्या यूएनसीला (अमेरिकी आटा) १३. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर थोडा चढतो आणि अडकतो. जोर लावला की दोन्ही वाया. जुनी विलायती मशीन दुरुस्तीला येत असतील तर संच ठेवा, नसतील तर ज्याच्याकडे येतात त्याला द्या. नळाचे बीएसपी टॅप मात्र जुने समजून काढू नका. आटा तोच ५५ अंशांचा, आणि प्लंबिंगमध्ये आजही तोच चालतो.

जुनी ग्राइंडिंग चाकं आणि कटिंग डिस्क यांच्याबाबत आम्ही कडक आहोत. रेझिनने कण चिकटवलेल्या डिस्कवर मुदत छापलेली असते. ती उलटली असेल तर डिस्क कोरी असली तरी तोडून टाका. मातीने कण बांधून भाजलेलं चाक बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. स्वच्छ ठण्ण आवाज आला नाही तर ते मशीनवर चढवू नका. फिरतं चाक फुटलं तर डोळा जातो.

जे ठेवाल ते जिवंत ठेवा. आपल्या पावसाळी हवेत उघडं पोलाद गंजायला फार दिवस लागत नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद ओल धरतो. हाताचा घाम पुसा, तेल लावा आणि मग तेलकट कागदात ठेवा. बारीक माप घ्यायच्या मायक्रोमीटरची तोंडं एकमेकांना टेकवून ठेवू नका, किंचित फट ठेवा. ठरावीक जोराने नट आवळायचा टॉर्क पाना काम झाल्यावर सर्वांत कमी मापावर आणा. आणि सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. त्या दिवशी आमच्या कुर्ल्याच्या गाळ्यात खालच्या दोन फळ्यांवरचे रीमर (भोक नेमक्या मापाचं करायची हत्यारं) पाण्यात गेले. काही वाचले, बरेच गेले.

काढायचंच ठरलं तर सगळं एका गोणीत भरू नका. हायस्पीड स्टीलचे ड्रिल आणि कटर साध्या लोखंडापेक्षा चांगल्या भावाने जातात, कार्बाइडची, म्हणजे पोलादाहून कठीण पात्यांची हत्यारं त्याहून चांगल्या. कार्बाइड हाताला लगेच कळतं, तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड लागतं.

वडिलांच्या हातची कानस किंवा रंधा या हिशोबात धरू नका. ते ठेवा.

निवड करायला खंडेनवमी चांगली. एरवीही त्या दिवशी सगळी हत्यारं बाहेर निघतात, पुसली जातात, पूजेला मांडली जातात. शंका असलेल्या प्रत्येक हत्याराला दोरा बांधा आणि काम पडलं की सोडा. पुढच्या खंडेनवमीला ज्यांचा दोरा तसाच असेल, ती हत्यारं आमच्याकडे घेऊन या. बघण्याचे पैसे घेत नाही. जे हत्यार काढून टाकावं असं आम्हाला वाटेल, त्याला धार लावून पैसेही घेणार नाही.