सोलापूर दाखवणे

सोलापूर दाखवणे : सोलापुरात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला गाव फिरवून आणणे, पोटभर खाऊ घालणे आणि निघताना त्याच्या हातात काहीतरी देणे, अशी इथल्या घराघरांतली रीत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे ती सारख्याच आपुलकीने पाळतात. आधी काय दाखवायचे आणि नंतर काय, हे मात्र यजमानाचे घर कोणत्या पेठेत आहे त्यावर ठरते. बाळीवेशीतला यजमान पाहुण्याला आधी तळ्यावर नेतो, पूर्व भागातला आधी कापडाच्या मागावर.

सोलापूर हे मुंबई–चेन्नई लोहमार्गावरचे मोठे स्थानक आणि पुणे–हैदराबाद महामार्गावरचे शहर. इथे उतरणारे पुष्कळ, पण त्यांतले बहुतेक पुढे जाणारे. पंढरपूर सुमारे ७० किलोमीटर, तुळजापूर ४५, अक्कलकोट ४०, विजापूर १००. देवदर्शनाला निघालेली कुटुंबे स्टँडवर चहा घेतात, गाडी बदलतात आणि जातात. खुद्द सोलापूरकराला विचारले तरी तो पटकन म्हणतो, “बघण्यासारखं काय हाय बे इथं?” हे म्हणणे खरे नाही. एका दुपारीत उरकावे असे हे गाव नाही, एवढेच त्यातले खरे. पाहुण्याने निदान एक रात्र मुक्काम करावा. तळ्यावरची संध्याकाळ आणि पूर्व भागातली सकाळ या दोन गोष्टी चुकल्या तर सोलापूर पाहिले असे म्हणता येत नाही.

नाव आणि बोली

सोळा गावे मिळून सोलापूर झाले, असे लोक सांगतात. जुन्या कन्नड लेखनात मात्र या गावाचे नाव ‘सोन्नलिगे’ किंवा ‘सोन्नलगी’ असे येते आणि आजचे नाव त्यातूनच आले असे अभ्यासक मानतात. गाव आज महाराष्ट्रात असले तरी कर्नाटकची हद्द जवळ आहे, तेलंगणही फार लांब नाही. त्यामुळे एकाच रिक्षात बसून तीन भाषा कानावर पडणे इथे नेहमीचे. दुकानदार गिऱ्हाईक ओळखून भाषा बदलतो. पाहुण्याला पहिल्यांदा खटकतो तो ‘बे’. “काय बे, कधी आलास?” हा शब्द पुण्या-मुंबईच्या कानाला उर्मट वाटतो. इथे तो बरोबरीच्या माणसाला जवळिकीने लावतात, वडीलधाऱ्याला कधीच नाही. मोठ्या माणसाला ‘अण्णा’ किंवा ‘मालक’ म्हणतात, मग तो पानटपरीवाला का असेना. एवढे पाहुण्याला पहिल्याच चहाला सांगून ठेवले की दिवसभर गैरसमज होत नाहीत.

तळे, किल्ला आणि सिद्धरामेश्वर

सोलापूर दाखवायची सुरुवात सिद्धेश्वर तलावापासून करावी. पाण्याने वेढलेल्या देवळाकडे जाणारी वाट, आवारातली सिद्धरामेश्वरांची समाधी आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याची काळपट तटबंदी हे सगळे एका नजरेत मावते. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी इथे पोचावे. उन्हाळ्यात तर दुसरी वेळच नाही, कारण इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो.

सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन. कन्नड वचनकारांत त्यांचे स्थान मोठे आहे आणि कर्नाटकातल्या कल्याणच्या (आजचे बसवकल्याण) अनुभवमंटपाशी, म्हणजे शरणांच्या चर्चासभेशी, त्यांचे नाव जोडलेले आहे. पण सोलापूरकर त्यांना आधी तळे खोदणारे म्हणून ओळखतो. कोरड्या मुलखात लोकांना हाताशी धरून त्यांनी तळे बांधले आणि पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. ज्या गावात पाऊस बेभरवशाचा, त्या गावाने तळे खोदणाऱ्याला ग्रामदैवत मानावे, यात त्या गावाची सगळी समज दिसते. पाहुण्याला देवळाच्या पायरीवर बसवून ही गोष्ट सांगावी. देऊळ नुसते पाहण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहते.

भुईकोट किल्ला बहामनी काळातला. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात त्यावरून लढाया झाल्या. चाँदबिबीच्या लग्नात तो आदिलशहाला आंदण दिला गेला आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांकडून घेतला. आत आता बाग आहे. तासाभरात किल्ला पाहून होतो. लहान मुले बरोबर असतील तर आधी किल्ला आणि मग तळे, असा क्रम ठेवावा.

गड्डा

पाहुण्याला येण्याची वेळ निवडता येत असेल तर त्याने मकर संक्रांतीला यावे. सिद्धेश्वरांच्या यात्रेला सोलापुरात कोणी यात्रा म्हणत नाही, ‘गड्डा’ म्हणतात. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरली. योगी असल्याने त्यांनी नकार दिला, पण आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. तो विवाह दरवर्षी नव्याने लागतो. योगदंडाचे प्रतीक म्हणजे नंदीध्वज. हे उंच, सजवलेले, वजनदार बांबू असतात आणि इथे त्यांना साधेपणाने ‘काठी’ म्हणतात. काठ्या सात. पहिल्या काठीचा मान यात्रेचे मानकरी असलेल्या हिरेहब्बू घराण्याकडे आहे आणि पुढच्या काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत.

पहिल्या दिवशी काठ्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि लिंगांना तैलाभिषेक होतो. या विधीला ‘यण्णीमज्जन’ म्हणतात. शब्द कन्नड आहे : एण्णे म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. संमतीवाचन सुरू होते, “सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्” असा घोष उठतो आणि जमलेली सगळी गर्दी एकाच क्षणी अक्षता टाकते. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होम होतो आणि त्यानंतर शोभेचे दारूकाम. शेवटी कप्पडकळी, म्हणजे काठ्यांची वस्त्रे उतरवण्याचा विधी.

पाहुण्याने दारूकामापेक्षा मिरवणूक पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस कमरेच्या पट्ट्यात काठी तोलून चालतो. वर शेंडा हेलकावतो, खाली पाऊल जपून पडते. भोवतालचे लोक दोर धरून श्वास रोखतात आणि काठी सरळ झाली की “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!” अशी आरोळी उठते. काठी पेलायचा सराव आधीपासून चालतो. यात्रेत लांबून येणाऱ्याने पादत्राणे आणि लहान मुले दोन्ही सांभाळावीत, आणि बाराबंदी घातलेल्यांची वाट मोकळी ठेवावी.

पूर्व भाग

सोलापूरची दुसरी ओळख कापडाची. १८७७ मध्ये इथे पहिली मोठी कापड गिरणी निघाली. पुढे नव्या गिरण्या आल्या तेव्हा तिचे नाव आपोआप ‘जुनी मिल’ पडले. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहर उठत होते आणि जेवत होते. गिरण्या बंद पडल्या, त्यांची नावे पत्त्यांत राहिली. पण माग थांबले नाहीत. तेलंगणातून पोटापाण्यासाठी आलेल्या पद्मशाली विणकरांनी साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या बाजूला घरे बांधली आणि घरातच माग टाकले. हाच ‘पूर्व भाग’. इथे पाट्या तेलुगूत दिसतात, नवरात्रात बायका बतुकम्मा हा तेलुगू फुलांचा सण खेळतात आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो.

पाहुण्याला सकाळी आठच्या सुमारास इथे आणावे. ओळखीच्या कारखान्यात विचारून आत जावे, कोणी सहसा नाही म्हणत नाही. जॅकार्डच्या मागावर वर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. एकेका पुठ्ठ्यागणिक ताण्याचे ठराविक धागे उचलले जातात आणि खाली मोर, वेल, चौकटी उमटत जातात. खडखडाट एवढा की बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. त्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाचे हात पाहावेत. तुटलेला धागा तो बघता बघता सांधतो. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची गरज होतीच, कारण परगावी विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो. खरी चादर हाताला जड आणि भरीव लागते, नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते आणि एका बाजूचा रंग दुसरीकडे जागा बदलून येतो. पहिल्या धुण्यानंतर ती अधिक मऊ होते. घ्यायची तर कारखान्याच्या स्वतःच्या दुकानातून घ्यावी. साड्यांसाठी चाटी गल्ली आहे, पण तिथे घाईने जाऊ नये, आणि एकटेही जाऊ नये.

याच भागातल्या उंबऱ्यांवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. शहरातल्या हजारो घरांची चूल या कामावर पेटते. जवळच्या कुंभारी परिसरात विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत आणि तिच्यानंतरचे रे नगर ही त्यांच्या दीर्घ लढ्याची फळे आहेत. पाहुण्याच्या यादीत ही नावे सहसा नसतात. असायला हवीत.

हुतात्म्यांचे शहर

पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या एका गाडीचे नाव ‘हुतात्मा’ आणि मुंबईहून येणाऱ्या एकीचे ‘सिद्धेश्वर’ आहे. म्हणजे पाहुणा गावात शिरण्यापूर्वीच गावाची दोन नावे उच्चारून आलेला असतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर उसळले. ८ मे रोजी गोळीबार झाला, इंग्रजांचा कारभार काही दिवस कोलमडला आणि मग शहरावर लष्करी कायदा लादला गेला. जुने लोक त्याला ‘मार्शल लॉ’ म्हणूनच ओळखतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. पार्क चौकाच्या परिसरात चौघांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. चार नावे वाचली की या गावाची वस्ती कळते. गड्ड्याच्या तोंडावर, त्याच आठवड्यात, त्यांचा स्मृतिदिन येतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच शहरात जन्मले. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे स्मारक भैया चौकाजवळ आहे. अर्धा तास पुरतो. महापालिकेची इंद्रभुवन ही देखणी वास्तू बाहेरून पाहिली तरी चालते.

ताट

सोलापुरी जेवणाचा कणा ज्वारी आणि शेंगदाणा. ज्वारी शक्यतो मंगळवेढ्याची मालदांडी. तिची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत असते, कित्येक दिवस टिकते. ती चमच्याने खायच्या पदार्थांसारखी नाजूकपणे खाऊ नये. आमटीत चुरावी, वर कच्चा कांदा घ्यावा. शेंगा चटणी उखळात कुटलेली असावी : भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ, आणि कुटता कुटता सुटलेले दाण्याचेच तेल. मिक्सरमधून काढलेली चटणी भुकटी होते, तिला गोळा धरत नाही. दह्यात कालवलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी एवढ्यावर पाहुणा खूश होतो. गोडात शेंगा पोळी.

मांसाहारी पाहुण्याला मटण-भाकरी आणि दालचा खाना (डाळ-मटणाचा दालचा आणि भात) दोन्ही दाखवावे, पण वेगवेगळ्या वेळी. रस्सा तिखट असतो हे आधीच सांगावे. न्याहारीला पूर्व भागातल्या गाड्यावरची इडली किंवा घरचा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली फोडणी. संध्याकाळी पार्क चौपाटी. थंडीत आला असेल तर शहराबाहेर एखाद्या शेतावर हुरडा : आगटीत भाजलेली कणसे, गरम गरम तळहातावर चोळलेले दाणे आणि बाजूला तीच चटणी. प्रस्तुत लेखकाला विचाराल तर हुरड्याच्या दिवसांत हॉटेलात जेवायला नेणे म्हणजे पाहुण्याचे नुकसान करणे आहे.

शहराबाहेर

एक दिवस हाताशी असेल तर हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, जुनी देवळे आहेत. इथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. त्यातली “वांछि तो विजेया होइवा” ही अक्षरे मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव नमुन्यांत गणली जातात. मान वर करून ती ओळ शोधावी लागते. सापडली की मराठी वाचणाऱ्या माणसाचे पाऊल तिथून लवकर निघत नाही. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात सापडलेले बहुमुखी शिवलिंगही पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात संगमाला पाणी चढलेले असताना जपून जावे. जेवण बरोबर न्यावे.

बार्शी रस्त्यावर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. ते १९७९ मध्ये स्थापन झाले. माळढोक आता क्वचितच, नशिबानेच दिसतो. पाहुण्याला तसे स्पष्ट सांगावे. काळविटांचे कळप मात्र दिसतात, आणि पहाटेचा पिवळा माळ हीच पाहण्याची गोष्ट आहे. शहराजवळचा हिप्परगा तलाव हिवाळ्यात पक्ष्यांसाठी.

निघताना

पाहुण्याला रिकाम्या हाताने स्टेशनवर सोडत नाहीत. ठरलेल्या वस्तू तीन : कडक भाकरीची चळत, शेंगा चटणी आणि चादर, निदान टॉवेल तरी. चटणी घरची असेल तर यजमानीणबाई ती वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग पुन्हा पिशवीत गुंडाळतात, कारण तेल सुटते आणि चादरीला डाग पडतो. भाकरी सामानाच्या सगळ्यात वर ठेवायची. मुंबईची सिद्धेश्वर रात्री सुटते, त्यामुळे जेवण घरीच होते. गाडी हलेपर्यंत यजमान खिडकीपाशी उभा राहतो आणि हुरड्याला यायचे कबूल करून घेतो.