पाणी गुणवत्ता संनियंत्रण (पुणे)

पिण्याचे पाणी धरणातून उचलल्यापासून घरातल्या नळाला येईपर्यंत ठरलेल्या मानकांत राहते ना, हे नेमलेल्या जागी आणि नेमलेल्या वेळी तपासत राहण्याची व्यवस्था. सरकारी कागदांवर ‘पाणी गुणवत्ता संनियंत्रण व सर्वेक्षण’ अशी जोडी आढळते. पाणी पुरवणारी संस्था स्वतःच्या पाण्यावर ठेवते ती नजर म्हणजे संनियंत्रण; आरोग्य यंत्रणा त्याच पाण्याकडे रोगराईच्या अंगाने, बाहेरून पाहते ते सर्वेक्षण. एरवी हा भेद पुस्तकी वाटतो. दोघांचे निकाल जुळेनासे झाले की तो कामाला येतो.

पुणे परिसरात हे काम एका हाती नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका, छावणी परिषदा, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती आपापल्या हद्दीत पाणी देतात. एकाच उद्भवावरून, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोतावरून, अनेक गावांना पाणी देणाऱ्या योजनेला प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजना म्हणतात. अशा योजनेत उद्भवाजवळच्या गावाला पाण्याला औषधाचा, म्हणजे क्लोरीनचा, वास येतो म्हणून तक्रार असते आणि शेवटच्या गावाला वासच येत नाही. संनियंत्रणाचा बहुतेक खटाटोप या दोन गावांमधल्या अंतराचा आहे.

उद्भव

पुणे शहराचे बहुतांश पाणी मुठा खोऱ्यातल्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे. त्यांची एकत्रित साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी आहे. वरच्या तीन धरणांचे पाणी त्याच्यात उतरते आणि तिथून शहराकडे येते. शहराच्या पूर्व भागाला २०२१ पासून भामा आसखेड धरणाचेही पाणी मिळते. पिंपरी-चिंचवडची भिस्त पवना धरणावर आहे.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेले आणि काळ्या पाषाणावरून वाहत आलेले हे पाणी मुळात मऊ. त्यात विरघळलेले क्षार कमी, साबणाला फेस चांगला. शहराबाहेरच्या सोसायटीत राहायला गेलेल्या पुणेकराला बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरे डाग पडू लागले की फरक कळतो. म्हणूनच धरणाच्या पाण्यात क्षारांपेक्षा गढूळपणा आणि जंतू यांची काळजी अधिक. विंधन विहिरींच्या बाबतीत कठीणपणा, नायट्रेट यांकडेही पाहावे लागते.

पाणी वाटेत बिघडते, ही जाण शहराला जुनी आहे. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधीव नळाने शहरातल्या हौदांत पाणी आणले गेले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. तिथे हवा सुटे, गाळ खाली बसे आणि माणसाला उतरून तो काढता येई. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण झाले आणि शहराची मदार तिकडे सरकली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले, तेव्हा पुण्याला काही काळ पुन्हा जुन्या आडांचा आणि हौदांचा आसरा घ्यावा लागला.

धरण आणि शुद्धीकरण केंद्र यांच्यामधली वाट उघडी की बंद, यावर पुष्कळ काही ठरते. उघड्या कालव्यात कपडे धुतले जातात, जनावरे उतरतात, काठच्या वस्तीचे सांडपाणी मिसळते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा तो वस्तीला किती चिकटून वाहतो हे साऱ्या शहराने पाहिले. पवनेचे पाणी नदीपात्रातून वाहत येते आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीच्या केंद्रात नेले जाते. ते थेट धरणातून बंद नळाने आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी आंदोलनावर झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि काम थांबले. कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या, पाण्याची प्रत हा अशा वेळी प्रयोगशाळेचा विषय राहत नाही.

मानके

आधार भारतीय मानक आयएस १०५०० चा (पहिली आवृत्ती १९८३, सध्याची २०१२). गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणाचे एकक) असावा आणि पर्यायी स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो, सामू (पीएच, पाण्याची आम्लता-अल्कता) ६.५ ते ८.५, विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम, पर्याय नसल्यास २००० पर्यंत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. जंतूंच्या बाबतीत वाक्य सरळ आहे: कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळता कामा नये. यादी पुढे जड धातू आणि कीटकनाशकांपर्यंत जाते. त्या चाचण्या रोज होत नाहीत आणि होण्याची गरजही नसते.

केंद्रातली तपासणी

पर्वती, लष्कर, वारजे, वडगाव अशी शहराची केंद्रे आहेत. पुण्यात त्यांना जलकेंद्र म्हणतात. कच्चे पाणी पायऱ्यांवरून पाडून त्यात हवा मिसळतात, तुरटी किंवा तत्सम रसायन घालून गाळ बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. आजी हंड्यात तुरटी फिरवायची ती अंदाजाने. इथे तुरटीचे प्रमाण जार टेस्टने ठरते. सहा भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात वेगळी मात्रा घालतात, ढवळतात आणि कमीत कमी तुरटीत पाणी कुठे निवळले ते पाहतात. मे महिन्यात आठवडाभर चाललेली मात्रा जुलैतल्या एका रात्रीच्या पावसाने मोडीत निघते.

गढूळपणा मोजायचा तो केवळ दिसण्यापुरता नाही. मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू लपतात आणि सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. क्लोरीन मिसळल्यावर निदान अर्धा तास तरी पाणी टाकीत थांबू द्यावे लागते. सामूही महत्त्वाचा: ७.५ च्या आसपास क्लोरीनचे जंतू मारणारे रूप निम्म्यावर येते आणि सामू जसा चढेल तसे ते आणखी घटत जाते.

केंद्रातले आकडे बहुधा चांगलेच असतात. मोजणारा माणूस आणि बिघडवणारे कारण यांच्यात तिथे थोडेच अंतर असते. बिघाड होतो तो पुढे.

नळवाहिनीतला प्रवास

पाणी ठरावीक तासच येणाऱ्या शहरात नळवाहिनी दिवसातून बराच काळ रिकामी किंवा दाबाविना पडून असते. शेजारून ड्रेनेजलाइन जात असेल, जुन्या लोखंडी पाइपाला भोक पडले असेल, तर दाब गेल्यावर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली, तर ती ओढ वाढते. पाणी सोडल्याबरोबर ‘पहिले पाणी’ सोडून द्यायची घरोघरची सवय यातूनच आली. पुण्यात देखभालीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद ठेवतात. शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येते, आणि रिकाम्या नळांत बसलेला गाळ उठून गढूळही येते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, म्हणजे हा रिकामा काळ आणखी लांबलेला. चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेचा बोलबाला होतो तो मीटर आणि गळती यांवरून, पण नळ सतत दाबाखाली राहणे हा तिचा आरोग्याच्या दृष्टीने खरा लाभ.

नमुना आणि घड्याळ

जंतुतपासणीचा नमुना घेणे हे वाटते तितके सोपे नाही. बाटली निर्जंतुक केलेली हवी आणि तिच्यात आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले हवे. नाही तर पाण्यातला क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेत जंतू मारत राहतो आणि दूषित पाणीही स्वच्छ ठरते. नळाचे तोंड पुसून ज्योतीने तापवायचे, दोन-तीन मिनिटे पाणी सोडून द्यायचे, मग बुचाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरायची आणि बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोचवायची. दुपारच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत फिरलेली बाटली नळाबद्दल काही सांगत नाही.

किती नमुने, याचाही हिशोब आहे. लाखावर वस्तीच्या गावात रोज नमुना घ्यावा आणि महिन्याला दर दहा हजार लोकांमागे एक तरी असावा, असा प्रघात आहे. पुण्याची २०११ च्या जनगणनेतली एकतीस लाख लोकसंख्या धरली तरी महिन्याला तीनशेवर बाटल्या होतात. शहर त्यानंतर कितीतरी वाढले आहे.

खरी अडचण वेळेची. रूढ पद्धतीत नमुना पोषक द्रवाच्या नळ्यांत घालून ३७ अंशांच्या आसपास ठेवतात आणि अंतिम उत्तर यायला दोन दिवस लागू शकतात. तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. म्हणून रोजचा कारभार जंतूंवर चालत नाही, अवशिष्ट, म्हणजे पाण्यात उरलेल्या, क्लोरीनवर चालतो. शेवटच्या नळावर लिटरला ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला असेल, तर वाटेत मोठी घाण मिसळलेली नाही असे धरता येते. एका गल्लीत चार नळांना क्लोरीन आहे आणि पाचव्याला शून्य, तर बिघाड चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. खोदाई कुठे करायची हे त्यावरून ठरते.

क्लोरीन मोजायची जुनी रीत म्हणजे ओटी टेस्ट. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो आणि तो पट्टीवरच्या रंगांशी ताडतात. रंग पाहायचा तो लगेच. रेंगाळले तर पाण्यातल्या इतर पदार्थांशी जोडला गेलेला संयुक्त क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि आकडा फुगतो. ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक असल्याने आता डीपीडी चाचणीला पसंती असते, तिचा रंग गुलाबी. तरी गावोगाव ‘ओटी घेतली का’ हाच शब्दप्रयोग टिकून आहे.

औषधाचा वास येतो ही तक्रार खरे तर पाणीपुरवठ्याला दिलेले प्रशस्तिपत्र. पुणेरी तक्रारखोरीचा इथे उपयोगच होतो.

गावांतली पद्धत

ग्रामपंचायतीत हे काम जलसुरक्षकाकडे असते. त्याचे मुख्य साधन टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. प्रमाण साधे आहे: चांगल्या, ३३ टक्क्यांच्या टीसीएलची ५ ग्रॅम पूड हजार लिटरला, म्हणजे लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. पूड बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. तोंड उघडे राहिलेल्या, ओलीत ठेवलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो. अशी पूड कितीही टाकली तरी ओटी पिवळी होत नाही, आणि दोष मात्र जलसुरक्षकाच्या माथी येतो.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, शेजारी उकिरडा आहे का, टाकीला झाकण आहे का, गळत्या किती, हे पाहून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लागोपाठ पाच वर्षे हिरवे राहून साथ न आलेल्या गावाला चंदेरी. प्रयोगशाळेच्या निकालापेक्षा ही पद्धत गावकऱ्याला लवकर कळते, कारण लाल कार्ड म्हणजे काय ते ग्रामसभेत समजावून सांगावे लागत नाही. रासायनिक तपासणीसाठी नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत जातात; या यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवण्याची तरतूद केली.

जानेवारी २०२५

गाव आणि शहर यांच्या सांध्यावरच ही व्यवस्था कशी उसवते, ते सिंहगड रस्त्याच्या परिसरात दिसले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत जानेवारी २०२५ मध्ये गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकदम वाढले. फेब्रुवारी सरेपर्यंत राज्यातील संशयित रुग्ण दोनशेवर गेले. हा आजार थेट पाण्यातून होत नाही. आतड्यांच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळल्याने संशय पाण्याकडे वळला.

महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली. हद्द एका अधिसूचनेने बदलते, नळवाहिनी बदलायला वर्षे लागतात. बाधित भागातल्या काही वस्त्यांना जलकेंद्रातून न गेलेले, विहिरीतून उचलून केवळ निर्जंतुक केलेले पाणी मिळत होते. गाळणीचा टप्पा नसला की सारा भार क्लोरीनवर येतो, आणि नोरोव्हायरस क्लोरीनला ई-कोलायइतका सहज बधत नाही. साथीच्या काळात नळ, विहिरी, टँकर आणि परिसरातले खासगी आरओ (सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळणारे) प्रकल्प असे सगळीकडचे नमुने घेतले गेले. अनेक आरओ प्रकल्प बंदही करण्यात आले. जारचे पाणी नळाच्या पाण्याहून शुद्ध, ही समजूत तेव्हा बरीच हलली. आरओ यंत्र क्षारांबरोबर क्लोरीनही काढून टाकते, त्यामुळे जार भरताना हात लागला तर पुढे त्याला अडवणारे काहीच नसते.

नळापलीकडे

पुरवठादाराची जबाबदारी सोसायटीच्या जोडणीपाशी संपते. तिथून पाणी जमिनीखालच्या टाकीत पडते, मोटरने गच्चीवर चढते आणि मग स्वयंपाकघरात उतरते. उन्हात तापलेल्या गच्चीवरच्या टाकीत क्लोरीन फार टिकत नाही. खालची टाकी पुष्कळ ठिकाणी ड्रेनेजच्या चेंबरपासून चार हातांवर असते. गढूळ पाण्याची तक्रार आली की कर्मचारी आधी विचारतो, ‘टाकीचे की डायरेक्ट?’ मग आवारातला, बहुधा बागेच्या कोपऱ्यातला तो एक डायरेक्ट नळ शोधून बाटली भरली जाते. चौथ्या मजल्यावरच्या पिंपात भरलेले पाणी त्या अहवालात येत नाही.