फेकून दिल्या जाणाऱ्या रक्तद्रवातील गर्भाचा माग

पोटात सुई न घालता गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी व्हावी, अशी प्रसूतिशास्त्राची जुनी अपेक्षा होती. कारण गर्भजल काढून केलेली तपासणी खात्रीची असली, तरी तिच्यात गर्भपाताचा अल्पसा का होईना धोका राहतोच. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या डेनिस लो यांनी ऑक्सफर्डमध्ये वैद्यकीचे विद्यार्थी असतानाच हा प्रश्न हाती घेतला. गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, हे तेव्हा ठाऊक होते. गर्भ मुलाचा असेल तर त्यात असलेले वाय गुणसूत्र आईत नसते, म्हणून त्याचा अंश आईच्या रक्तात दिसला, तर तो गर्भाचाच, असे हे तर्कशास्त्र होते. (वाय गुणसूत्राचा उपयोग येथे केवळ खूण म्हणून होता, लिंगनिदान हा या संशोधनाचा अंतिम हेतू नव्हता.) १९८९ मध्ये या दिशेने पहिला निबंध प्रसिद्ध झाला खरा, पण अशा पेशी इतक्या विरळ असतात की, पुढची काही वर्षे खर्ची पडूनही भरवशाची चाचणी हाती लागली नाही.

१९९६ मध्ये कर्करुग्णांच्या रक्तद्रवात गाठीचा डीएनए सापडल्याचे दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि लो यांच्या विचाराने वेगळे वळण घेतले. एवढीशी गाठ आपला डीएनए रक्तात सोडत असेल, तर तिच्याहून कितीतरी मोठा गर्भ का सोडणार नाही? रक्त यंत्रात गरगर फिरवले की पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळा द्रव, म्हणजेच रक्तद्रव, उरतो. पेशींच्या शोधात असलेले संशोधक तोपर्यंत नेमका हाच द्रव टाकून देत होते. त्यातून डीएनए काढण्याची पद्धत लो यांना माहीत नव्हती. मग झटपट शिजणाऱ्या नूडल्ससारखा तो पाच मिनिटे उकळून पाहावा, असे त्यांना सुचले, आणि थेंबाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे १० मायक्रोलिटर नमुन्यातही वाय गुणसूत्राची खूण उमटली. १९९७ च्या निबंधात, मुलाचा गर्भ असलेल्या ३० स्त्रियांपैकी २४ जणींच्या रक्तद्रवात ती आढळल्याची नोंद आहे. पेशींमागे लागण्यात गेलेल्या वर्षांची भरपाई इतक्या साध्या प्रयोगाने व्हावी, हे थोडे विचित्रच वाटते.

पुढचे पाऊल तुलनेने सोपे होते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास तिच्याकडे बहुधा जे जनुक नसते, ते रक्तद्रवात दिसले की गर्भ आरएच पॉझिटिव्ह आहे, हे १९९८ मध्ये दाखवता आले. पुढच्याच वर्षी, प्रसूतीनंतर हा डीएनए काही तासांतच नाहीसा होतो, असेही आढळले. त्यामुळे आधीच्या गर्भारपणातले अवशेष निकालात घोळ घालतील, ही भीती उरली नाही.

डाऊन सिंड्रोमचे, म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्याने होणाऱ्या विकाराचे, मात्र तसे नव्हते, आणि माझ्या मते लो यांच्या संशोधनाचा खरा कस येथेच लागला. येथे आईकडे नसलेले काही शोधायचे नसते. २१ वे गुणसूत्र आईकडेही असतेच. शोधायचे असते ते प्रमाण. रक्तद्रवातील डीएनएपैकी सुमारे दहावा हिस्सा गर्भाकडचा धरला आणि गर्भात या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्या, तर जेथे १०० तुकडे मोजले गेले असते, तेथे फक्त १०५ भरतात. एवढा फरक भरवशाने ओळखण्यासाठी लक्षावधी तुकडे वाचून प्रत्येकाचे गुणसूत्र ठरवावे लागते. डीएनए वाचणारी नवी यंत्रे आल्यावर २००८ मध्ये लो यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे स्टॅनफर्डमधील स्टीफन क्वेक यांच्या गटाने ते करून दाखवले. मूळ शोधानंतर त्याला ११ वर्षे लागली.

ही चाचणी चाळणी आहे, अंतिम निदान नव्हे, हे विसरून चालत नाही. ज्याला आपण गर्भाचा डीएनए म्हणतो, तो मुख्यतः वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशींतून आलेला असतो, आणि क्वचित वारेत असलेला दोष गर्भात नसतो. म्हणून दोष दाखवणारा निकाल आला, तर गर्भजल तपासूनच खात्री करतात.

विशेष म्हणजे, ज्या कर्करोगाने ही कल्पना सुचवली, त्याच्याकडे लो पुन्हा वळले. दक्षिण चीनमध्ये नाकामागील घशाचा जो कर्करोग बराच आढळतो, त्याचा एका विषाणूशी संबंध आहे. त्या विषाणूचा डीएनए रक्तद्रवात शोधून त्यांच्या गटाने हाँगकाँगमधील सुमारे २० हजार पुरुषांची तपासणी केली आणि त्यांतील ३४ जणांचा रोग ओळखला. त्यांतील बहुतेकांचा रोग अजून सुरुवातीच्या टप्प्यातच होता.