सेल्स आणि फ्लेअर: कवडशातली धूळ वेगळी, धूर वेगळा

कवेलूच्या घरात दुपारी छपराच्या फटीतून कवडसा पडतो, तेव्हा त्यात धुळीचे कण सुटे सुटे तरंगताना दिसतात. चूल पेटली की कण मोजता येत नाहीत, सगळा कवडसाच पांढरट होतो. युव्हिआयटिसच्या, म्हणजे आतून सुजलेल्या डोळ्यात स्लिट लॅम्पचा (डोळा तपासायच्या दिवा-सूक्ष्मदर्शकाचा) बारीक झोत टाकला की पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात हेच दिसतं. सुटे कण म्हणजे सेल्स, सूज आलेल्या रक्तवाहिन्यांतून बाहेर पडलेल्या पांढऱ्या पेशी. धूर म्हणजे फ्लेअर, त्याच वाहिन्यांतून झिरपलेलं प्रथिन. निरोगी डोळ्यात झोत कॉर्नियावर, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्यावर दिसतो, भिंगावर दिसतो, मधे मात्र काळोख असतो.

ग्रामीण रुग्णालयाच्या चिठ्ठीवर पुष्कळदा दोन्ही मिळून ‘रिअ‍ॅक्शन ++’ एवढंच लिहिलेलं असतं. जिल्ह्याच्या डॉक्टरला त्यावरून औषध वाढवायचं की कमी करायचं, हे ठरवता येत नाही.

सेल्स मोजायचे असतात. २००५ साली ठरलेल्या ‘सन’ (SUN, युव्हिआयटिसच्या नोंदी एकसारख्या करणाऱ्या) पद्धतीत झोताचा आकार पक्का आहे, १ मिमी रुंद आणि १ मिमी उंच. एवढ्या चौकोनात एकही कण नसेल तर ०, १ ते ५ असतील तर ०.५+, ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, २६ ते ५० म्हणजे ३+, आणि ५० च्या वर ४+. नेमकी चूक होते ती उंचीत. रुंदी कमी करतात, पण उंचीची चकती तशीच राहते. झोत ३ मिमी उंच राहिला तर ५ कणांच्या जागी १५ च्या आसपास भरतात आणि ०.५+ चा डोळा १+ होऊन बसतो.

खोलीत पूर्ण अंधार हवा. खिडकीला जाड पडदा लावा, आणि बाहेरच्या रखरखत्या उन्हातून तुम्ही स्वतः नुकतेच आत आला असाल तर आधी काही मिनिटं थांबा. दिवा पूर्ण तेज ठेवा. व्होल्टेज उतरलं की झोत मंदावतो आणि बारीक कण नजरेतून सुटतात, म्हणून तसं झालं तर कागदावर नोंद करा. झोत तिरपा, साधारण ४५ ते ६० अंशांवर घ्या, मोठेपणा १६ पट ठेवा, आणि फोकस कॉर्निया व भिंग यांच्या मधोमध, काळ्या बाहुलीसमोर आणा. कण हलताना दिसतील. आयरिसजवळचं (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याजवळचं) पाणी उबदार असल्यामुळे वर चढतं, कॉर्नियाजवळचं थंड असल्यामुळे खाली उतरतं.

हे सगळं बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधीच करा. थेंबांनंतर आयरिसचा रंग सुटून तपकिरी कण पाण्यात येऊ शकतात आणि ते सेल्समध्ये मोजले जातात. मार लागलेल्या डोळ्यातले लालसर कण रक्ताचे असतात, तेही यात धरायचे नाहीत. डोळ्याचा दाब तपासायला फ्लुरेसीन हा चमकणारा रंग लावणार असाल तर तेही मागाहून लावा. ते आत उतरलं की नसलेला फ्लेअर दिसू लागतो.

फ्लेअर मोजता येत नाही, पारखावा लागतो. पुसटसा असेल तर १+. मध्यम, पण आयरिस आणि भिंग स्पष्ट दिसत असतील तर २+. तेच धूसर झाले तर ३+. पाण्यात फायब्रिनची (गोठलेल्या प्रथिनाच्या धाग्यांची) जाळी धरली तर ४+, आणि अशा वेळी कण जागीच अडकतात, हलत नाहीत. लेझर फ्लेअर मीटर हा अंदाज आकड्यात देतो, पण ते यंत्र तालुक्याला नसतं. तिथे नजरच वापरायची, आणि शक्यतो दर वेळी एकाच माणसाची.

खरा फरक उपचारात पडतो. आजार आज किती पेटलाय हे सेल्स सांगतात, स्टेरॉइडने आधी तेच उतरतात. जुन्या आजारात वाहिन्यांची भिंत कायमची कच्ची होते. मग सेल्स शून्य झाले तरी फ्लेअर महिनोनमहिने राहतो. निव्वळ तेवढ्यावरून स्टेरॉइडचे थेंब वाढवू नका. त्याने फ्लेअर तर जात नाहीच, वर काचबिंदू आणि मोतीबिंदूची भर पडते. आपल्या भागात कुष्ठरोगाचे जुने रुग्ण आहेत. त्यांचा डोळा पांढरा, शांत दिसतो आणि आत सूज धुमसत असते, म्हणून लाली नाही एवढ्यावरून त्यांना परत पाठवू नका.

सेल्स एका पायरीने वर-खाली झाले तर तो पाहणाऱ्याच्या नजरेचाही फरक असू शकतो. दोन पायऱ्या बदलल्या, म्हणजे ३+ चे १+ झाले किंवा १+ चे ३+, तर तो बदल खरा धरा. सेल्स पूर्ण ० वर आले किंवा ३+ चे ४+ झाले, तर तेही पुरे.

आणि सेल्स उतरतच नसतील तर औषध बदलण्याआधी बाटली मागा. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट या स्टेरॉइड औषधाचा साका तळाशी बसतो. न हलवता घातलं तर डोळ्यात नुसतं वरचं पाणी जातं. वेचणीच्या दिवसांत थेंब दिवसातून किती वेळा पडतात, हेही घरच्यांना विचारा. मेडिकलमधून परस्पर घेतलेली बाटली असेल तर तिच्यावरचं नाव उतरवून घ्या. चिठ्ठीवर तारीख, ‘उजवा डोळा, सेल्स २+, फ्लेअर १+’ असं वेगवेगळं, आणि चालू थेंब दिवसातून किती वेळा ते लिहा. हायपोपिऑन, म्हणजे पुढच्या कप्प्याच्या तळाशी साचलेला पांढऱ्या पेशींचा थर, असेल तर त्याची वेगळी ओळ.