गोळी उमलली पाहिजे, पण फुटता कामा नये

सिनेमात गोळी लागली की माणूस पाच फूट मागे उडतो ना, ते आधी डोक्यातून काढून टाका, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. साधा हिशोब करू. हरणाच्या शिकारीला जी रायफल वापरतात तिची गोळी समजा १५० ग्रेनची आहे, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आत (ग्रेन हे जुनं माप, १ ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम, पण गोळ्यांच्या दुनियेत अजून तेच चालतं). ती नळीतून सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिचा सगळाच्या सगळा संवेग ७० किलोच्या हरणाला देऊन टाकला तरी ते हरण किती वेगाने सरकेल? सेकंदाला १२ सेंटिमीटर. बस. गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर याहून जास्त हलतो आपण. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने निदान तेवढाच धक्का बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्यालाही बसतो, तो कुठे उडतो?

मग जनावर मरतं कशाने? मेंदू किंवा मणका सापडला तर जागच्या जागी कोसळतं, पण मेंदू केवढासा, आणि डोकं सतत हलत असतं, त्यामुळे शिकारी सहसा खांद्याच्या किंचित मागे, फुप्फुसं आणि हृदय असतात तिथे नेम धरतात. तिथे गोळी लागली की रक्तदाब खाली येतो, मेंदूला ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि जनावर पडतं. यात काही सेकंद जातातच. हृदय फाटलेलं हरणसुद्धा ५० ते १०० मीटर पळून मग पडू शकतं, म्हणून पळालं म्हणजे नेम चुकला असं नसतं.

म्हणजे गोळीकडून आपल्याला दोन गोष्टी हव्यात, जखम रुंद झाली पाहिजे आणि ती खोलवर पोचली पाहिजे. घोळ असा की या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर येतात. गोळीचा व्यास दुप्पट झाला की समोरचं क्षेत्रफळ चौपट होतं, मांसाचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो आणि गोळी लवकर थांबते. गेल्या सव्वाशे वर्षांत शिकारीच्या गोळ्यांमध्ये जे काही डोकं लढवलं गेलं ते बहुतेक सगळं या एकाच भांडणावर.

हे भांडण आधी एवढं नव्हतं. काळ्या दारूच्या जमान्यात गोळी म्हणजे नुसतं जाडजूड शिसं, वेग आजच्या निम्मा, मऊ शिसं मांसात शिरलं की आपोआप पसरायचं, म्हणजेच गोळी उमलायची. मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू शोधली आणि वेग भराभर वाढले. एवढ्या वेगात उघडं शिसं नळीतच घासून चिकटायला लागलं. त्यावर उपाय म्हणजे शिशावर तांब्याचं जाकीट, आणि ते स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने १८८२ मध्येच करून ठेवलं होतं. पण पूर्ण जाकीट चढवलेली गोळी उमलतच नाही, बरेचदा सुईसारखी आरपार जाते, कधी आत आडवी होऊन कोलांट्या खाते, नेमकं काय करेल याचा भरवसा नाही.

कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी यावर तोड काढली, टोकाचं जाकीट काढून शिसं उघडं ठेवलं. हीच ती बदनाम दमदम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात उमलणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. आणि शिकारीत बरोब्बर उलटं! इंग्लंड आणि वेल्सच्या १९९१ च्या हरणविषयक कायद्यात रायफलची गोळी उमलणारीच हवी अशी अट आहे, कारण न उमलणारी गोळी जनावराला जखमी करून तडफडत ठेवू शकते. माणसाला जे क्रूर तेच हरणाला दयाळू, वाचायला विचित्र वाटतं पण दोन्हीकडचं लॉजिक समजण्यासारखं आहे. सैनिक जायबंदी झाला तरी लढाईचं काम भागतं, हरीण जखमी होऊन पळालं तर कुणाचंच भागत नाही.

तर उघड्या टोकाची, आत शिसं बाहेर जाकीट अशी साधी गोळी हरणाला अजूनही मस्त चालते. ती अळंबीसारखी उमलते, व्यास दीडपट ते दुप्पट होतो. अडचण येते ती वेगाची. प्रत्येक गोळीला उमलायला ठरावीक वेग लागतो आणि एका मर्यादेपलीकडे तीच गोळी फुटून तिचे तुकडे होतात. ८५० ने निघालेली गोळी ३०० मीटरवर हवेच्या विरोधाने ६०० ते ६५० वर आलेली असते. म्हणजे तीच गोळी ३० मीटरवर फुटू शकते आणि फार लांबवर नीट उमलणारही नाही. लोक बंदुकीच्या दुकानात कॅलिबरवरून (म्हणजे नळीच्या आणि गोळीच्या व्यासावरून) तासन् तास वाद घालतात, पण मला विचाराल तर पहिला प्रश्न हा असला पाहिजे की जनावराला लागताना वेग किती असणार आहे.

याचा चटका जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन माणसाला बसला. १९४६ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियात तो मूसच्या (हरणाच्या कुळातलं अवाढव्य जनावर) शिकारीला गेला, हातात दणकट मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीच्या काडतुसाची रायफल, आणि गोळ्या चिखलाने माखलेल्या त्या धिप्पाड जनावराच्या खांद्यावरच उमलून संपायला लागल्या, आतपर्यंत पोचेनात. घरी येऊन त्याने जाकिटाच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली. पुढच्या खणातलं शिसं उमलायचं, मागच्या खणातलं तसंच घट्ट राहून ढकलत आत न्यायचं. इतकी साधी कल्पना, पण ही पार्टिशन गोळी आजही विकली जाते. नंतर शिसं जाकिटाला डाग दिल्यासारखं जोडून टाकणाऱ्या बॉन्डेड गोळ्या आल्या, आणि त्यानंतर शिसंच नसलेल्या, अख्ख्या तांब्याच्या. टोकाला भोक, आत शिरली की पाकळ्या उघडतात आणि जवळजवळ सगळं वजन शाबूत राहतं.

तांब्याचं गणित जरा वेगळं आहे. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तांब्याची ८.९६, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर ठेवायला जास्त गरगर फिरवावी लागते, म्हणजे नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त हवा (याचं सूत्र ग्रीनहिलने १८७९ मध्येच मांडलंय). शिवाय तांबं कडक, उमलायला जास्त वेग मागतं. म्हणून बरेच जण तांब्याकडे वळताना थोडी हलकी गोळी घेतात, ती जास्त वेगाने जाते, आणि वजन गळत नसल्यामुळे खोली कमी पडत नाही.

मग एवढी कटकट कशाला? शिशामुळे. मारलेल्या हरणाचा एक्स-रे काढला तर जखमेच्या आजूबाजूला शिशाचे बारीक बारीक कण विखुरलेले दिसतात, पार बोटभर, वीतभर अंतरापर्यंत. ते मांसातून माणसाच्या पोटात जाऊ शकतात, आणि टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांच्या पोटात तर जातातच. कॅलिफोर्निया कोंडोर हा गिधाडासारखा अवाढव्य पक्षी १९८२ च्या सुमारास जगात फक्त २२ उरला होता, आणि आजही रानातल्या कोंडोरांच्या मरणाचं मोठं कारण शिशाची विषबाधा हेच आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत.

हत्ती, रानरेडा यांचा मामला वेगळाच. तिथे जाड कातडं आणि जाड हाडं, त्यामुळे उमलणं बाजूला राहतं आणि खोली आधी येते, मग न उमलणारी भरीव गोळी काढतात. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले (आज वाचताना पोटात कालवतं), त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या, म्हणजे आज हरणासाठी वापरतात तसल्या रायफलने. लांब, बारीक, भरीव गोळी सरळ मेंदूपर्यंत जायची. पण त्याला हत्तीच्या कवटीची रचना पाठ होती, हे विसरून कुणी कॅलिबरला महत्त्वच नाही असं म्हणू नये.

राहता राहिला एक जुना वाद. गोळी आरपार गेली तर ऊर्जा वाया गेली, असं म्हणणारा एक मोठा गट आहे. सुटताना गोळीत ३५०० ज्यूल असतात, ते सगळे जनावरात उतरले पाहिजेत म्हणे. पण ऊर्जा नुसती उतरून चालत नाही, ती कुठे आणि किती खोल उतरली त्यावर सगळं आहे, वरवर फुटलेली गोळीसुद्धा सगळी ऊर्जा आतच ठेवते आणि जनावर लंगडत निघून जातं. शिवाय ते हरीण ८० मीटर पळून झुडपात पडलं असेल तर शोधायचं कसं? गोळी बाहेर पडल्याचं भोक असेल तर पाचोळ्यावर रक्ताचा माग पडतो, नसेल तर रक्त बरंचसं छातीतच साचतं आणि माणूस अंधार पडेपर्यंत गवत हुडकत बसतो.