काळा घोडा: एक चौकात, एक राणीच्या बागेत

महात्मा गांधी रोडवर, जहांगीर आर्ट गॅलरीजवळ उभा असलेला घोडा दाखवून ‘ह्याच्यावरूनच ह्या भागाचं नाव पडलं’ असं पाहुण्यांना ठासून सांगणारे मुंबईकर पुष्कळ आहेत. फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सवाची गर्दी असली की हे हमखास ऐकू येतं. पण तो घोडा २०१७ सालचा. नाव त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी आहे.

नाव पडलं ते १८७९ मध्ये बसवलेल्या पुतळ्यावरून. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आणि पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी स्वखर्चाने हा कांस्य पुतळा शहराला दिला. तिथेच असलेल्या लायब्ररीला ज्यांचं नाव आहे ते डेव्हिड ससून हे त्यांचे वडील. शिल्पकार जोसेफ एडगर बोहेम, उंची जवळजवळ पावणेतेरा फूट. एवढा खर्च झाला राजपुत्रासाठी, आणि लोकांच्या लक्षात राहिला घोडा! स्वारही तितकाच काळा होता, पण त्याला कोणी विचारलं नाही.

स्वातंत्र्यानंतर साहेबांचे पुतळे चौकाचौकांतून हलले, तसा १९६५ मध्ये हाही हलला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे पूर्वीच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये गेला. लेक आईच्या बागेत पोचला म्हणायचं. पुढची पन्नासहून जास्त वर्षं काळा घोडा चौकात घोडा नव्हताच, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की पुरे.

नवा घोडा आला तो ह्या नावामुळे. काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने तो बसवला. रचना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, घडवला श्रीहरी भोसले यांनी. चौथऱ्यासकट उंची सुमारे २५ फूट. पाठीवर कोणी नाही, आणि ते मुद्दामच. कुठल्याही राजाला परत न आणता नावाला रूप द्यायचं, तर दुसरा मार्ग नव्हता. मला तरी हा निर्णय पटतो.

तेव्हा फोटोत घोडा दिसला की आधी पाठ बघायची. मोकळी असेल तर चौकातला, स्वार असेल तर बागेतला. हा दुसरा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, आणि बुधवार टाळा. त्या दिवशी राणीची बाग बंद असते.